कोठीचा तळ

—बसा ना ताई, तपासणीला आलात म्हणून उभ्याच राहणार का? वीस मिनिटं लागणार म्हणालात ना, मग बसा. शटर अर्धं ओढायला तुम्हीच सांगितलंत, म्हणजे गिऱ्हाईक काही येत नाही. आपण दोघं आणि हे तुमचं डबीएवढं यंत्र. पट्टीवर डीएनएचा अर्धाच धागा चिकटवलाय म्हणता? म्हणजे पिशवीच्या चेनची एकच बाजू. मक्यात ते प्रयोगशाळेत बदललेलं वाण असलं की दुसरी बाजू येणार, दाताला दात बसणार, दिवा लाल. कळलं हो. शाळा चौथीत सोडली मी, पण बाहेरची पाटी माझ्या हातची — 'फक्त मूळ वाणाचा मका'. अक्षर बघा, पेंटर लाजेल!

आमचे वडील म्हणायचे, कोठीचा तळ दिसू द्यायचा नाही, दुकानाची बरकत जाते. नाही दिसला आजवर. वरून ओतायचं, वरूनच उपसायचं. एकदा आमच्या व्याह्यांचा चष्मा पडला आत — अजून आतच आहे! हसा ना जरा. तर तीन वर्षांपूर्वी पीक बुडालं, माल कुठे मिळेना, तेव्हा बंदरावर उतरलेल्या परदेशी मक्याची साठ पोती उचलली. वाण कुठलं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दलालाने सांगितलं असतं — म्हणून तर नाही विचारलं. विकली सगळी. सगळी म्हणजे... तळाशी राहिलं ते राहिलं.

हे काय बोलून बसलो मी? लिहू नका हो ते. जावई माझा याच मक्याचं तान्ह्या मुलांसाठी पीठ करतो. डब्यावर 'मूळ वाण' छापतो — कुणाच्या भरवशावर? माझ्या. तपासून घे म्हटलं तर म्हणाला, 'मामा, तुमचा शब्द पुरे.' उद्या डबे परत आले तर मला तो चकार शब्द बोलणार नाही; माझ्या लेकीशी बोलणं टाकेल. गप्प बसून माणूस मारतो तो.

लागला? हिरवा! बघा, मी म्हणत नव्हतो? आणा, कुठे सही करू — ताई, चमचा परत कशाला घेतलात? मघाशी घेतलात की. वरचा होता, कालचाच माल, मान्य — पण एकदा झालं ते झालं ना? अहो, बाह्या कशाला सारताय वर...

व्हा बाजूला. तुमचा हात नाही पोचायचा तिथवर. मीच काढून देतो.