तांदळातलं नाव

"सून काही बोलत नाही. तिचे सरकारी पैसे सुरू झाले की माह्याच हातात येतीन," सासूबाई ओट्यावर शेजारणीला सांगत होत्या. मी आत भांडी घासत होते.

कमी कमाईच्या घरातल्या बायकांना सरकार दरमहा काही देतं, ते हे पैसे. लग्नामुळे माझं शिवणकामाचं दुकान सुटलं होतं. खात्यात काही पडलं, तर जुनी का होईना, मशीन घ्यायची होती.

सासूबाई आणि मी त्या पैशांचा फॉर्म भरायला मोताळ्याच्या सेतू केंद्रात गेलो. अर्धा दिवस रांगेत गेला. नंबर आल्यावर नाव सांगितलं सासूबाईंनी. "वैष्णवी." लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं ते. आमच्याकडे सुनेचं नाव बदलतातच.

केंद्रवाल्यानं माझं आधार पाहिलं. "इथं तं सुनंदा हाये. वैष्णवी कोण?"

"हेच तं हाये," सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"काकू, सरकार वैष्णवीले वयखत नाही. पैसे भेटतीन तं सुनंदालेच."

तोवर जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद. फॉर्म न भरताच एसटीनं परत आलो.

संध्याकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "वैष्णवी, उद्या पुन्हा जाय व. त्या जुन्याच नावानं भरून ये."

मी कप खाली ठेवला.

"जातो, आई. पण सुनंदाचे पैसे सुनंदाजवळच राहतीन. तुमाले लागले तं वैष्णवीले मागा."