जाऊन येते

आजच्या सत्काराचे अध्यक्ष आदरणीय बाबाराव, जपानीच्या शिक्षिका विनताताई, सत्कारमूर्ती प्रणोती, आणि चहा होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवून आलेल्या, आपल्या जबलपूरच्या गोरखपूर-घमापूर मोहल्ल्यांतल्या बंधुभगिनींनो,

मी मुलीचा मामा. मामानं भाचीला मांडवात आणायचं असतं. मला मात्र तिला ओसाकाला पाठवायचं आहे, म्हणून चार शब्द बोलून घेतो.

प्रणोती नर्सिंग शिकली. जपानमधल्या वृद्धाश्रमात काम करायचं तिच्या मनात होतं, पण गेल्या वर्षी भाषेनं दगा दिला. मनातलं वाक्य ही आधी हिंदीत न्यायची, मग इंग्रजीत, मग जपानीत. तोवर समोरच्यानं पुढचा प्रश्न विचारलेला असायचा. अहो, नागपूरला जायला इटारसीहून जावं, हे ठीक; पण दिल्लीहून काहून जायचं? तिचे वडील म्हणाले, आता एकदाच प्रयत्न कर, नाही जमलं तर इथल्याच दवाखान्यात लाग.

मग ती विनताताईंकडे गेली. त्यांनी विचारलं, घरी काय बोलता? ही लाजली. मराठीच, पण आमची जबलपुरी, 'करून राहिली'वाली. ताई म्हणाल्या, "मग तिथूनच सरळ जपानीत जा. त्यांची वाक्यं आपल्यासारखीच चालतात, थोरामोठ्यांशी ते आपल्यासारखेच अदबीनं बोलतात." मंडळी, ज्या बोलीला पुण्याचे पाहुणे हसतात, तिच्याच खांद्यावर बसून ही पोरगी जपानीत पोचली. आहे की नाही मजा?

पण सारखेपणा फसवतोसुद्धा. हिंदी जवळची, म्हणून आपली मुलं मराठी शिकायचा आळस करतात. अध्यक्षांचा नातू त्यांना 'दादाजी' म्हणतो, हे मी इथे सांगणार नव्हतो.

प्रणोतीलाही सारखेपणानं गाठलंच. मुलाखत व्हिडिओवर होती. आम्ही सगळे दाराआडून डोकावत. उत्तरं झकास झाली. शेवटी उठताना ही म्हणाली, "इत्ते किमासु." म्हणजे जाऊन येते. आपल्यात निघताना 'जाते' कोणी म्हणतं का? जिभेला तेच वळण. पण जपानी माणूस हे स्वतःच्या घरातून निघताना म्हणतो, मुलाखत घेणाऱ्या साहेबांना नाही. चूक कळली तसा पोरीचा चेहरा उतरला. तिकडच्या तिघांपैकी कडेचे दोघं एकमेकांकडे पाहू लागले. मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

तेवढ्यात मधल्या वयस्कर बाईंनी मान लववली आणि सावकाश म्हणाल्या, "इत्तेराश्शाई." घरची माणसं निघणाऱ्याला देतात, ते उत्तर.

पुढे निवड झाली, तेव्हा त्या बाईंनी कळवलं की आमच्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांना हे शब्द ऐकून वर्षं झाली, अशी मुलगी आम्हाला हवीच. ते वाचून माझी बहीण रडली. मीही रडलो, लपवत नाही.

विनताताई, आमच्या घरच्या बोलीची लाज तुम्ही घालवलीत, हे उपकार आम्ही विसरणार नाही. सभागृह देणाऱ्या मंडळाचे आणि आत चहा गाळत असलेल्या भगिनींचे आभार. कोणाचं नाव राहिलं असेल, बोलण्यात हिंदी शिरली असेल, तर नर्मदेच्या पाण्याचा गुण समजून पोटात घाला.

प्रणोती, आता माइकवर ये. आभाराचं लांबण लावू नको, तुझे ते दोनच शब्द म्हण. आणि मंडळी, तिनं म्हटलं की आपण सगळ्यांनी एका आवाजात सांगायचं आहे: जाऊन ये, बाळा.