पलीकडच्या वस्तीचे दात

दवाखान्याच्या बाकावर माझा जप चालला होता. शेजारी मुलांचे दात तपासणाऱ्या मॅडम एका शाळकरी मुलीशी बोलत होत्या.

“तुमच्या वस्तीला दात घासायला शिकवलं, पलीकडच्या वस्तीला तुलनेसाठी मुद्दाम नाही. तरी दोन्हीकडचे दात सारखेच स्वच्छ! फरक दिसला नाही तर साहेब कार्यक्रम बंद करतील गं.”

“पलीकडे माझी मावसबहीण राहते.”

“मग?”

“तिला मी शिकवलं. तिनं सगळ्या गल्लीला.”

“अगं बाई! त्यांना शिकवायचं नव्हतं!”

“तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांना दाखवा?”

“म्हणाले खरी. बरं, टेकडीमागच्या वस्तीत तुमचं कुणी नाही ना?”

“नाही.”

“देव पावला! त्यांच्याशी तुलना करून साहेबांना फरक दाखवते.”

“पण लवकर तपासा हं, मॅडम. थोरल्या बहिणीचं लग्न तिकडेच ठरलंय.”