तंबूच्या जागेवरची निळी गाडी

मी, बुरुल जेकशेनोवा, वय ६३ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त ट्रॉलीबस चालक, राहणार बिश्केक (किर्गिझस्तान), चौदा नंबरची इमारत, दुसरा जिना, फ्लॅट २३, आज शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता बोलावण्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी एकतीस वर्षे राहते. पती काचकीन माझ्यासोबत राहत होते.

आमच्या आवारात दुसऱ्या जिन्यासमोर एकच सपाट जागा आहे. बाकी उतार, झाडे आणि घरे तापवणाऱ्या गरम पाण्याचे जाड नळ. इमारतीत कोणी वारले की त्या जागेवर नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू उभारतात आणि माणसाला दफनापर्यंत त्यात ठेवतात. बायका आत बसून विलाप करतात. येणारे पुरुष फाटकापासूनच मोठ्याने रडत येतात. जन्मभर चौथ्या मजल्यावर राहिलेला माणूसही जातो तो तंबूतूनच. ही रीत साहेबांना माहीत आहे, पण कागदावर असावी म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात तक्रारदार मेदेर सादिरबायेव याने त्या जागेवर आपली निळी गाडी आणून सोडली. नव्या वस्तीत त्याचे स्वतःचे घर आहे. तिथली फरशी नवी, म्हणून तेल गळणारी गाडी आमच्या दारात. चारही चाकांतली हवा गेली. मागच्या सीटवर मांजर दोनदा व्याली. मी बत्तीस वर्षे ट्रॉलीबस चालवली, ती कधी कोणाच्या दारात सोडून घरी गेले नाही.

मी पाच अर्ज दिले. नगरपालिकेने कळवले, आवार म्हणजे रस्ता नव्हे. वाहतूक खात्याने कळवले, गाडी चालत नाही, सबब वाहतुकीचा प्रश्न नाही. पोलिसांनी कळवले, गाडी चोरीची नाही. तिघेही खरे बोलले आणि गाडी तसूभर हलली नाही. मागच्या हिवाळ्यात तळमजल्यावरचे तोकोन मास्तर वारले, तेव्हा तंबू पलीकडच्या इमारतीच्या आवारात लावावा लागला. चाळीस वर्षे या इमारतीत राहिलेला माणूस परक्याच्या दारातून गेला. त्या दिवशी घरी येऊन काचकीन म्हणाले, "मला नको हं असं लोकांच्या अंगणात." मी म्हटले, "गप्प बसा, चहा थंड होतोय."

या मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काचकीन वारले.

साडेआठ वाजता मी मेदेरला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, वाईट झालं. पण आज मला कामं आहेत, संध्याकाळी बघतो. तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतोय. काका थांबतील की संध्याकाळपर्यंत."

मी म्हटले, "थांबणारे असते तर सकाळीच गेले असते का रे?"

त्याने फोन ठेवला. नगरपालिकेत विचारले असता गाडी ओढून नेण्यास आठ कामाचे दिवस लागतील असे समजले. तोपर्यंत तंबूचा ट्रक फाटकात आला होता. नऊ वाजून वीस मिनिटांनी मांजरीची पिल्ले खोक्यात काढली आणि गाडी उचलून कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवली. गाडी मी उचलली. एकटीने.

जबाब लिहून घेणाऱ्या लेफ्टनंटसाहेबांनी विचारले, "मावशी, हजार किलोची गाडी तुम्ही एकटीने उचललीत?"

होय.

"तेव्हा आवारात वीस-बावीस पुरुष होते म्हणतात."

होते. ते रडत होते. रडणारा माणूस गाडी उचलत नाही.

"त्यांची नावं सांगा."

मयताला आलेल्यांची नावे पोलिसात द्यायला मी काही इतकी वाया गेलेली नाही. खोटा जबाब दिल्यास तो गुन्हा होतो असे साहेबांनी समजावले. तोही माझ्या एकटीच्या नावावर लिहावा.

गाडीच्या दारावरचा ओरखडा माझा. आरसा आधीपासूनच नव्हता.

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता मेदेर आला तो फाटकापासूनच ओरडत आला. तंबूपाशी उभ्या असलेल्या पुरुषांना वाटले, दुःखाने ओरडतो आहे. त्यांनी रीतीप्रमाणे त्याला कवटाळून मोठ्याने रडायला सुरुवात केली. एकाने सोडले की दुसरा धरी. सातव्या-आठव्या मिठीला तोही रडू लागला. मग त्याला आत नेऊन जेवायला बसवले. तो पोटभर जेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ही तक्रार दिली. माझ्या दुःखात जेवून गेलेल्या माणसाबद्दल मला वाईट बोलायचे नाही. पण राग आहे, तो आहे असे लिहावे.

काल गुरुवारी काचकीन आपल्या दारातून गेले. मला पश्चात्ताप नाही. गाडी पूर्ववत जागेवर ठेवण्यास सांगण्यात आले, ती मी ठेवणार नाही. दुसऱ्या कोणी ठेवल्यास पुन्हा उचलीन.

एका व्यक्तीने मात्र आपले नाव घालायला मला बजावले आहे, म्हणून घालते. सायरा आजी, वय ८१, फ्लॅट ९. मी गाडी उचलत असताना पहिला हात त्यांनी लावला. त्या तक्रारदाराच्या सख्ख्या आई आहेत. हात लावताना सर्वांसमक्ष म्हणाल्या, "काचकीननंतर नंबर माझाच आहे. आईला कुठे ठेवायचं, ते माझ्या पोराने आजच ठरवावं." घरी थांबा म्हटले तर ऐकल्या नाहीत. इथे ठाण्याबाहेर बाकावर बसल्या आहेत.

साहेबांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या तोंडचा आहे, एक अक्षर बदलायचे नाही. सही करून मी उठते. ही खुर्ची आता आजींना द्यावी. त्यांनाही जबाब द्यायचा आहे.

(सही) बुरुल जेकशेनोवा