लागला नाही म्हणे!

मंडळी, ऐका! सगळ्यात आधी आपापले फोन बंद करा. हो, हो, सगळ्यांनी! त्या खांबाला टेकून बसलेले, निळा सदरा — तुमच्या खिशात उजेड दिसतोय मला! देव नंतर दिसेल, तुमचा उजेड आधी दिसतोय! — झाला बंद? आता मनापासून एकदा म्हणा, विठ्ठल विठ्ठल! आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या.

कुणीतरी आपल्याला हाक मारली. आपल्याला ती ऐकू आली नाही. तर मंडळी, हाक मारणारा खोटा का?

ह्या पुढच्या काकू मान हलवतायत — "छे हो बुवा, खोटा कशाला!" काकू, सोपं वाटतंय ना? मलाही वाटायचं. मग ऐका.

संगमेश्वरच्या पुढे, आत, कुडवळ नावाचं गाव आहे असं समजा. तिथे हेमलताबाई मयेकर राहतात. बालवाडीच्या बाई होत्या, आता निवृत्त. हातात सदैव टॅब! लेकीनं घेऊन दिलेला. त्यावर पाककृती बघायच्या, कीर्तनं बघायची — आमचंही बघतात म्हणे, पण मध्येच पुढे ढकलतात! हसू नका, तुम्हीही ढकलता! — पंधरा दिवसांपूर्वी अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला. घरात त्या आणि त्यांचे यजमान शरदराव, बस्स.

आणि नेमकं त्याच वेळी नाशिकला त्यांच्या धाकट्या भावाला मुलगी झाली. भावाचं नाव दिगंबर, सगळे दिगू म्हणतात. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेली मुलगी! तिचं बारसं ठरलं. मुहूर्त सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांचा.

आता बारशात नाव कोण ठेवतं? — आत्या! शाब्बास! आई नऊ महिने वागवते, बाप मिठाई वाटतो, पण बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. भावजय तृप्ती, गुणाची पोर, तिनं फोन केला. "ताई, नाव तुम्हीच ठरवा, तुम्हीच ठेवा. आम्हाला आधी सांगूसुद्धा नका. पाय मोडलाय म्हणून काय झालं? मी टॅबवर व्हिडिओ कॉल लावते, बाळाच्या कानाशी धरते."

बाई म्हणाल्या, "चालेल. पण टॅबवरच लाव हो."

तुम्ही म्हणाल, बुवा, एवढी टॅबची काय मिजास? घरात साधा बटणांचा फोन होता की! — होता ना! दोघांत एक, बिछान्याशेजारी पडलेला. पण टॅबवर काय व्हायचं, तृप्ती समोर धरणार, बाळ दिसणार, बाळाशी बोलायचं, संपलं. साधा फोन दिगूनंच उचलला असता, तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं. आणि हेमलताबाई दिगूशी चार वर्षं बोलल्या नव्हत्या!

का? — ऐका. चार वर्षांपूर्वी त्यांची आई नाशिकला दिगूकडे गेली. गेली म्हणजे, वारली. बाई त्या दिवशी सासरच्या एका लग्नाला खाली खोऱ्यातल्या गावी होत्या. निरोप पोचला दुसऱ्या दिवशी. पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. दिगू म्हणाला, "ताई, खूप वेळा लावला गं फोन. लागला नाही." बाईंनी स्वतःचा फोन काढला. त्यावर एकही मिस्ड कॉल नव्हता! बाराव्याला जमलेल्या वीस माणसांना त्यांनी तो फोन दाखवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "लागला नाही म्हणे! लावला असतास तर लागला असता!"

झालं. दिगू पानावरून उठून गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

आणि आता हे बारसं. वरून बाई ताठ होत्या, पण मंडळी, आतून काय होतं सांगू? आदल्या दिवशी त्यांनी प्लास्टरच्या पायावर शोभेल अशी साडी निवडायला शरदरावांकडून चार साड्या काढवल्या! नाव ठरवलं होतं. उशीजवळच्या डायरीत लिहून त्यावर बोट ठेवून झोपल्या होत्या. नाव मी आत्ता सांगणार नाही. बाईंनी शरदरावांनासुद्धा सांगितलं नव्हतं, तर तुम्ही कोण!

बारशाची सकाळ उजाडली. शरदराव कचेरीत कारकून होते. पुढ्यात कागद आला की सही करायची, ही तीस वर्षांची सवय. टॅबवर अक्षरं उमटली — नवीन अपडेट उपलब्ध आहे, आत्ता करायचं का? शरदराव म्हणाले, "इतकं विनयानं विचारतोय," — आणि दाबलं की हो 'होय'!

तो टॅब काळा झाला. अर्धा तास काळाच! बाई कपाळाला हात लावून बसल्या. सव्वादहाला उघडला, पण सगळं पालटलेलं. चित्रं इकडची तिकडे, अक्षरं मराठीत — आणि वायफाय? बाईंनी करून बघायला एक व्हिडिओ लावला. मधोमध एक गोल आलं आणि फिरायला लागलं. गोल... गोल... गोल... आपण देवळात अकरा प्रदक्षिणा घालून दमतो, ते काही दमेना!

"अहो, काय केलंत हे! आजच्या दिवशी कुणी अपडेट करतं का?"

"अगं, मी फक्त होय म्हटलं."

"आयुष्यभर तेच केलंत!"

आता सुरू झाली धावाधाव. टॅब बंद केला, परत चालू केला. गोल फिरतंच होतं. दहा चाळीस झाले. वायफायची पेटी देवघराच्या फळीवर होती. बंद करून चालू करायला शरदराव गेले — आणि मंडळी, ती पेटी काय वर्णू! खंडेनवमीला आपण कोयती पुजतो, सायकल पुजतो, मिक्सर पुजतो. मयेकरांकडे वायफायसुद्धा पुजायचे. तीन दसरे झाले, दर दसऱ्याला हळद, कुंकू, वर झेंडूची माळ. माळ वाळून पेटीला गुंडाळलेली, मागे टेकून ताम्हन उभं केलेलं, आणि गंधाचा थर किती? बोटभर! आमचे पेटीवाले नाना हसतायत — नाना, तुमच्या पेटीवर किती थर आहे ते मी बघितलंय!

शरदरावांनी बटण दाबलं. दिवे गेले, दिवे आले. एक तांबडा राहिला, मग हिरवा झाला. टॅबवर गोल मात्र तसंच!

अकरा वाजून पाच मिनिटं. हेमलताबाई उठायला धडपडल्या. पाय खाली सोडता येईना, उठता येईना. त्यांना नाशिकचं घर दिसत होतं. पाळणा सजला असेल. घुगऱ्या वाटल्या असतील. बायका विचारत असतील, आत्या कुठाय? आणि दिगू... दिगू काय म्हणत असेल?

"सेटिंगमध्ये जा," शरदराव म्हणाले. "मागे वायफाय दुरुस्त करायला आलेल्या त्या वायरवाल्या पोरीनं असंच काहीतरी केलं होतं." बाई आत गेल्या. घरच्या वायफायच्या नावाखाली एकच बटण दिसलं. त्यावर मराठीत स्वच्छ लिहिलेलं होतं — विसरा.

"अहो, हे मला विसरा म्हणतंय!"

"तुला नाही गं. वायफायला. एकदा विसरायचं आणि पहिल्यापासून जोडायचं. तिनं तसंच केलं होतं."

"आणि विसरून परत आठवलंच नाही तर?"

शरदरावांनी नुसतं घड्याळाकडे बोट केलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. बाईंनी डोळे मिटले आणि दाबलं. विसरा!

यंत्र काय हो मंडळी, क्षणात विसरलं! तीन वर्षांची ओळख पुसून टाकली. आणि कोऱ्या चेहऱ्यानं विचारलं — पासवर्ड?

आता पासवर्ड कुठला आठवतोय! पेटीच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर होता. शरदरावांनी पेटी उलटी केली. कागद होता. पण त्यावर तीन दसऱ्यांचं हळदकुंकू! ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर सगळं लालभडक झालं. पहिली दोन अक्षरं दिसली, मग नुसता लाल चिखल. भक्ती करावी हो, पण जरा जागा बघून गंध लावावं!

अकरा सोळा. टॅबचं नेट आता पूर्ण तुटलं होतं. मघाशी निदान गोल तरी फिरत होतं, आता तेही गेलं.

आणि तेवढ्यात बिछान्याशेजारचा साधा फोन टुणकन वाजला. तृप्तीचा मेसेज. बाईंनी चष्मा लावला. 'ताई, सात वेळा व्हिडिओ लावला, तुम्ही उचलत नाही. हे म्हणतात, ताईचं मन नसेल तर राहू दे, फोन करून भरीस पाडू नको. माझी मावशी नाव ठेवेल.'

बाई ओरडल्याच. "मन नसेल? अहो, लागलाच नाही! इथे एकदाही वाजला नाही! मी सकाळपासून साडी नेसून इथेच बसलेय ना! सात वेळा लावला म्हणते — एक तरी वाजला का?"

शरदराव हळूच म्हणाले, "अगं, हे तुला माहीत. त्यांना कुठे माहीत?"

मंडळी, बाईंनी चष्मा काढून खाली ठेवला.

लागलाच नाही. दिगूचेच शब्द, आज त्यांच्या तोंडी आले होते. खोऱ्यातलं ते लग्न आठवलं. तिथे फोनला रेंज नव्हती. जिथे रेंज नाही, तिथे घंटी वाजत नाही, आणि मिस्ड कॉल तरी कुठून दिसणार? वीस माणसांना दाखवलेला तो कोरा फोन! दिगू त्या दिवशी आईला मांडीवर घेऊन नंबर फिरवत बसला असेल. सात वेळा? की सत्तर वेळा? आणि आपण त्याला सगळ्यांच्या देखत काय बोललो! बाईंना हुंदका फुटला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना आईसाठी नाही, दिगूसाठी रडू आलं.

अकरा एकोणीस! "रड नंतर," शरदराव म्हणाले, "आधी लाव!" जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं हुकूम सोडला!

बाईंनी साधा फोन घेतला. नंबर शोधावा लागला नाही, बोटांना पाठ होता. दाबला. कानात काय आलं? — पीं, पीं, पीं! व्यस्त! लागला नाही तर? उद्या मी सांगितलं की मी लावला होता, तर कोण विश्वास ठेवील माझ्यावर? त्यानं का ठेवावा?

अकरा वीस. पुन्हा दाबला. एक घंटी. दोन. तीन. चार...

"हॅलो."

दिगूचा आवाज. चार वर्षांनी. मागे बायकांचा गलबला, कुणीतरी पाळणा म्हणत होतं.

"दिगू," बाई म्हणाल्या. "दिगू, अरे, टॅब लागला नाही रे. देवाशप्पथ, लागला नाही."

मंडळी, आता दिगूच्या हातात काय होतं, बघा! जे वाक्य चार वर्षं त्याच्या काळजात रुतून बसलं होतं, तेच परत फेकायचं होतं — 'लावला असतास तर लागला असता!' तुम्ही असता तर? खरं सांगा! मी असतो तर बोललो असतो बुवा! वर दोन शब्द जास्त!

दिगू म्हणाला, "नाही लागत कधीकधी, ताई."

आणि म्हणाला, "ये लवकर. एकच मिनिट राहिलंय."

ये म्हणाला! जणू ती दारातच उभी होती! तृप्तीनं धावत फोन घेतला, बाळाच्या कानाशी धरला. घड्याळात अकरा बावीस. कुडवळच्या बिछान्यात बसून, एक पाय प्लास्टरमध्ये, गाल ओले — हेमलताबाईंनी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. सई!

पलीकडे बायकांनी गजर केला. पण दिगूनं फोन परत स्वतःच्या कानाला लावला. कारण त्यांची आई कुणालाही नावानं हाकच मारायची नाही. लेकीला सये, शेजारणीला सये, गोठ्यातल्या गाईलासुद्धा सये! "ताई," तो म्हणाला, "आई घरात बोलल्यासारखं वाटलं गं." दोघंही फोन धरून नुसती रडत राहिली.

मग नाक ओढत दिगू म्हणाला, "पण ताई, नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत धपाटा घालतात. तो कोण घालणार?" शरदराव ऐकतच होते. हात लाल झालेला, कुंकवानं बरबटलेला — घातला की हो धपाटा! नवी साडी, पाठीवर पाच बोटं उमटली. बाई ती साडी धुवायला तयार नाहीत!

वायफायचं काय झालं? — काकू, तुम्हाला तेवढीच काळजी! तिसऱ्या दिवशी शरदरावांनी खोबरेल तेल लावून कागद साफ केला. पासवर्ड निघाला, माळ उतरली, ताम्हन देवाला परत मिळालं, आणि टॅब धो धो चालायला लागला. अपडेटचा दोष किती आणि ताम्हनाचा किती, ते देव जाणे. बाळ आता रोज दिसतं. दिगूपण दिसतो, मागे उभा असतो.

तर मंडळी, मी आरंभी विचारलं होतं, हाक मारणारा खोटा का? काकूंनी तेव्हाच बरोबर सांगितलं होतं. पण काकू, इतरांच्या बाबतीत सगळ्यांना येतं हो ते! आपल्यावर आलं की आपण कोरा फोन काढून वीस जणांना दाखवतो.

इथे बसलेल्यांत असा एक तरी आहे, ज्याच्या बोटांना एक नंबर पाठ आहे आणि वर्षं झाली, त्यानं तो लावलेला नाही. कोण, ते मी विचारत नाही. मान खाली घालू नका, मी बघत नाहीये. नाना, पेटी थांबवा. टाळ खाली ठेवा. सुरुवातीला मी म्हटलं होतं ना, फोन बंद करा? चुकलो. चालू करा. निळा सदरा, तुम्हीसुद्धा! आरती पाच मिनिटं थांबेल, देवाला कुठे जायचंय? बाहेर अंगणात जा आणि लावा. पहिल्यांदा नाही लागला, तर परत लावा.