रानातल्या मुक्कामाचं सामान

चंद्रम्मा : अन् चटणी? बरणीभर घेतलीस, की बोटाला लावून चाटायपुरती?

प्रभू : घेतलीय अव्वा. छोटी बरणी. पल्लवी म्हणती, ब्रेड हाय, नूडल्स हायत, भागतंय तेवढ्यावर.

चंद्रम्मा : तुझ्या बायकूला सांग, रानात गेलं की भूक दुप्पट लागती. शरण्या तर वाढतं लेकरू. रवा घे. मोहरी, कडीपत्ता, मिरचीची फोडणी दिऊनच भाज अन् गार झाल्यावर डब्यात भर. तिथं निस्तं आधणात सोडलं की उप्पीट तयार.

प्रभू : हे भारी हाय. अजून?

चंद्रम्मा : कडक भाकरी असत्या तर दुसरं कायबी लागलं नसतं. तिकडं ज्वारी कुठली म्हणा! गूळ-शेंगा घे. ईबूत घेतलीस?

प्रभू : ईबूत? कॅम्पिंगला?

चंद्रम्मा : कामून, रानात कपाळ नसतंय का माणसाला? घे गपचिप. मला तर अजून कळंना झालंय बाबा. चांगलं घर हाय, गादी हाय, अन् पैसे भरून भुईवर निजायला जायलाव. ह्येला आपल्याकडं इकतचं दुखणं म्हणतेत.

प्रभू : ऑस्ट्रेलियात सगळेच जातेत गं. आपलं आपणच शिजवायचं, भांडी आपणच घासायची, उघड्यावर बसून खायचं.

चंद्रम्मा : म्हंजे येळ आमुश्याच की रं! आपुन बी त्या सणाला रानातच पूजा करून जेवतो, तेवढं दिवस मावळला की घरी येतो.

प्रभू : व्हय. तसंच म्हण.

चंद्रम्मा : औंदा आपलं रान बघणाऱ्या अंकुशरावला सांगून ठेवलंय, कडबा हात राखून घालू नगं, पूजेची कोप चांगली मोठी कर. शरण्याला आत बसून जेवता आलं पाहिजे. मागल्या साली तुझे अप्पा नव्हते, मी एकलीच. कसली कोप अन् कसलं काय. चार पेंढ्या टेकवल्या अन् निवद दाखवून आले.

प्रभू : अव्वा...

चंद्रम्मा : फोनात तुझ्या मागं ती लाल डबी दिसायलीय, ती कशाची रं?

प्रभू : गॅसची. छोटी शेगडी हाय, तिला लागती.

चंद्रम्मा : इश्श! रानात सरपण न्हाई?

प्रभू : जाळ करू देत नाहीत. वणवा लागतो. आता इकडं कडक उन्हाळा चालू हाय ना.

चंद्रम्मा : आता?

प्रभू : हां.

चंद्रम्मा : म्हंजे तुमी आता जायलाव? मला वाटलं, हितून माघारी गेल्यावर जाणार हाव. तुमी येणार, आमुश्या करणार, अन् मंग तिकडं जाऊन ते... कधी जायलाव रं?

प्रभू : शनिवारी.

चंद्रम्मा : कुठल्या शनिवारी?

प्रभू : ह्याच.

चंद्रम्मा : आमुश्या सोमवारी हाय, प्रभू.

प्रभू : माहीत हाय अव्वा.

(चंद्रम्मा पदरानं फोनची काच पुसत राहते.)

प्रभू : अव्वा, ऐक ना. सुट्टी मोजकीच मिळाली. तिकडं यायचं म्हटलं तर जाण्यायेण्यातच संपती. शरण्याच्या मैत्रिणींच्या घरचे सगळे चाललेत, ती हट्टाला पेटली. मी पंधरवड्यापासून तुला सांगीन म्हणतोय. जीभच उचलंना. आज बी फोन त्याच्यासाठीच लावला, अन् चटणीचं बोलत बसलो.

चंद्रम्मा : येत न्हाई म्हणायला एवढा पसारा मांडून दाखवलास व्हय?

प्रभू : रागावलीस?

चंद्रम्मा : रागाचं काय न्हाई. वाईट वाटलंय. लई वाईट वाटलंय. मल्लिकार्जुन भावजी परवा घरी आले व्हते, वैनी औंदा आमच्या शेतात या म्हणून. मी तोऱ्यात म्हणलं, माझा ल्योक यायलाय, सून यायलीय, तुमीच आमच्या कोपीत जेवायला या. अख्ख्या हुलसुरात सांगून बसले. आता कुठल्या तोंडानं जाऊ त्येंच्याकडं?

प्रभू : काकाला मी फोन करतो.

चंद्रम्मा : खबरदार! माझी कीव करायला लावू नगंस कुणाला.

प्रभू : मग अंकुशरावांना संगं घे.

चंद्रम्मा : त्येंला त्येंचं शेत न्हाई का? त्या दिशी गावात कुत्रं सुदीक ऱ्हात न्हाई, ज्येचं त्यो आपल्या रानात. निवद मी दाखवीन, आंबील बी शिपडीन. पर पिकात शिपडताना म्होरल्यानं 'ओलगे ओलगे' म्हणलं की मागनं कुणीतरी 'सालम पोलगे' म्हणावं लागतंय. मागल्या साली म्या म्होरं बी म्हणलं अन् मागनं बी म्हणलं. शेजारच्या शेतातली माणसं बघायलेली. मला मेल्याहून मेल्यावाणी झालं.

प्रभू : हे मला कधी सांगितलं नाहीस.

चंद्रम्मा : काय सांगायचं? जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. तुझे अप्पा गेल्यापासनं घर खायला उठतंय, हे तुला फोनवर कसं दिसंल? फोनात माझं निस्तं तोंड दिसतंय, अन् तोंड मी धुऊन बसते.

प्रभू : अव्वा, असं कर. तू शेतात गेलीस की फोन लाव. तू पुढं म्हण, मी इकडून म्हणतो. मोठ्यानं म्हणतो.

चंद्रम्मा : खरं?

प्रभू : खरं. शरण्याला पण... अरे थांब.

चंद्रम्मा : काय झालं?

प्रभू : तिथं रेंज नसते, अव्वा.

चंद्रम्मा : अजिबात न्हाई?

प्रभू : नाही. त्याच्यासाठीच तर लोक जातेत तिथं. फोन नको, कुणाची हाक नको. शांत.

चंद्रम्मा : आता गं बया! हाक येऊ नये म्हणून पैसे भरतेत? मला इचारायचं की. हितं फुकट हाय.

प्रभू : अव्वा, नको ना असं बोलू.

चंद्रम्मा : बरं, न्हाई बोलत. तू डोळे पूस आदी, लेकरू बघंल. पुढल्या साली या.

प्रभू : पुढच्या साली नक्की. तिकीट आत्ताच काढतो.

चंद्रम्मा : काढ. न्हाईतर नगं काढूस, आदी मिळू दे सुट्टी. मीठ घेतलंस का? माणूस सगळं घेतंय अन् मीठ इसरतंय.

प्रभू : घेतो.

चंद्रम्मा : रातच्याला लेकराला मधी निजवा. तंबू केवढा हाय तुमचा?

प्रभू : चार माणसांचा.

चंद्रम्मा : अन् तुमी तिघं.

प्रभू : व्हय.

चंद्रम्मा : मंग सामान आत ठेवा. भाईर दंव पडंल.