बारा रांजण

नाही मॅडम, गळत नाहीत ते, पाझरतायत. गळतो तो नळ — रांजण पाझरतो, पाझरायलाच हवा, नाहीतर आतलं पाणी गार कसं होणार? बसा ना — त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय गेलाय, या खोक्यावर बसा. एसी नाही, सॉरी, इंडस्ट्रियल एरियात एसी फक्त मालकाच्या केबिनला असतो आणि मालक तिला कुलूप लावून जातात. हं, तर तुमच्या मॉलमध्ये आम्ही इजिप्तचा बाजार मांडला, त्यात आमचे बारा रांजण, आणि काल सकाळी लाल कार्पेटवर बारा ओले गोल — कळलं मला सगळं. सिक्युरिटीवाल्यांनी एसी गळतोय समजून छताचे सहा पत्रे काढले म्हणे. खाली बघायचं सोडून वर बघत बसले तासभर. बरं, नाही हसत.

हा काय, फॉर्म? बघू. ‘दोष’ — लीकेज. ‘उपाय’ — आज संध्याकाळपर्यंत फायबरग्लासचे रांजण. ‘जबाबदार व्यक्ती’ — महादू? महादूकाकांचं नाव कोणी दिलं तुम्हाला? आमच्या मालकांनी? असं नका करू संजना मॅडम. ते बघा, बाहेर भट्टीपाशी पांढरी टोपी घालून बसलेत ना, ते महादूकाका. संगमेश्वरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या कुंभार, पण व्हिसावर टाइल मेसन — तिकडे मरीनाचे टॉवर उठतायत, तिथे बाथरूमच्या फरशा बसवत होते. मी पुण्याहून पुरातत्त्वात एमए करून इथे आखातात डेकोरेशनच्या कंपनीत आलो, आणि मालकांच्या मागे लागून लागून काकांना चाकावर बसवलं. ट्रायलवर. हा माल परत आला की खलास — शनिवारपासून काका पुन्हा तेविसाव्या मजल्यावर. आणि असा हात असलेला माणूस बाथरूममध्ये घालवायचा? म्हणून म्हणतो, ते नाव जरा पेन्सिलीनं लिहा.

तुम्हाला एक सांगतो, दोन मिनिटं फक्त. इजिप्तच्या या जुन्या रांजणांना बूड गोल. सपाट नाहीच. आता गोल बुडाचा रांजण उभा कसा राहायचा, यावर मी कॉलेजात चाळीस पानं लिहिली — मातीची कडी करायचे ते लोक, तिच्यावर बसवायचे, चार्ट, आकृत्या, सगळं. काकांना पहिल्या दिवशी फोटो दाखवला. काका म्हणाले, खाली चुंबळ असेल की. झालं, चाळीस पानं एका वाक्यात. मग मी पुस्तक वाचून दाखवतोय, की नाईलचा गाळ घ्यायचे, त्यात भुसा, त्यात लीद, तर काका म्हणतात, मग दुसरं काय घालणार? माती आम्ही रास अल खैमाहून आणली, लीद घोड्यांच्या तबेल्यातून — तिथला पठाण आम्हाला लांबून बघूनच ओरडतो, आ गए लीद के सेठ. गळ्याभोवती या निळ्या पाकळ्या आहेत ना, कमळाच्या, त्या काकांनी फोटो बघून काढल्या. एकही चुकली नाही. फायबरग्लासवाला स्टिकर लावेल.

थांबा. आत्ता काय केलंत तुम्ही? — रांजण वाजवून बघितलात. बोटाच्या पेरानं. कोणी शिकवलं? आईनं? तुम्ही जन्मापासून इथेच, रोल्लात, माठ कधी घेतला असेल तुमच्याकडे? — बघा, घेतलाच ना, नाशिकहून विमानात मांडीवर आणला. आणि घेताना वाजवला. फायबरग्लासला कोणी वाजवून बघतं का, सांगा.

पाणी कोणी भरलं, हे विचारताय. शोभेचे होते, हो, करारात तसंच आहे, कोरडे ठेवायचे होते. भरलं असेल कोणी क्लीनरनं — किंवा झाडांना घालणाऱ्यानं — आधी तुम्ही हे प्या. या कोपऱ्यातल्या रांजणातलं आहे, सकाळी भरलेलं. गार आहे ना? बाहेर पंचेचाळीस आहे मॅडम, आणि याला वायर नाही, प्लग नाही. तेच तर — परवा मॉल उघडायच्या आधी मी तिथे गेलो, तर हे बारा जण नुसते उभे. लोक शेजारी उभं राहून फोटो काढणार आणि जाणार. मला वाटलं, एकानं तरी हात लावावा, हाताला गार लागावं, आणि कळावं की हे भांडं आहे, चित्र नाही. तिथेच झाडांचा पाइप होता.

हो. मीच भरलं. काकांचा काही संबंध नाही. उलट काका आधीच म्हणाले होते — सुदेश, खाली परळ लागतील. परळ म्हणजे मातीचं पसरट ताट, पाझर झेलायला. मी म्हटलं, काका, इजिप्तच्या एकाही चित्रात परळ दिसत नाही, आपण खोटं करायचं नाही. काका म्हणाले, चित्र काढणाऱ्यानं पाणी भरलं नसेल. आणि मी — मी त्यांना करारी आवाजात सांगितलं की हा अभ्यासाचा विषय आहे. एमए ना मी. तर लिहा, पेनानंच लिहा, सुदेश घाणेकर. फक्त त्या ‘उपाय’मध्ये — नाही, परळ आता शक्य नाहीत, करा, वाळवा, भाजा, आठवडा जाईल, आणि तुम्हाला संध्याकाळी हवंय. मग फायबरग्लासच. मी सांगतो काकांना.

काय? कुठे, त्या गोणपाटाखाली? काही नाही, पॅकिंगची लाकडं असतील. बरं, उचलतो.

...एक, दोन, तीन — हे रांजणांबरोबरच भाजलेत, रंग बघा — सात, आठ — काका, हे कधी केलंत? — अकरा, बारा. आणि कडेनं निळ्या पाकळ्या काढल्यात. प्रत्येकाला. मला चालावेत म्हणून.

वर बघतसुद्धा नाही हा माणूस.

त्या फायबरग्लासवर काट मारा मॅडम, आणि गाडीची डिकी उघडा. नाव माझंच राहू दे. तुम्ही व्हा पुढे — मला जरा बाहेर जायचंय, भट्टीपाशी.